गाडीच्या अंतरावरची लेक

आखातातल्या या छोट्या देशात, बिन महमूद वस्तीतल्या आमच्या गुरुवारच्या पूजेला यंदा पंधरा वर्षे झाली. पूजा वीस मिनिटांची, आरती दहा मिनिटांची, आणि मग चपला पायात घालून दारातच तासभर बोलणं. देवापुढे बसून जे कुणी बोलत नाही, ते दारात निघतं. त्या दारातल्या गोष्टी माझ्याकडे खूप साठल्यात, आणि सांगायला बसलं की निम्म्या आमच्या सुधाताईंच्याच निघतात.

*

सुधाताई नाशिकच्या. त्यांचे यजमान, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, इथे गॅस कंपनीत. त्यांच्या मुक्ताला एकाच महिन्यात दोन स्थळं सांगून आली, एक कॅनडाचं, एक सौदीतल्या दम्मामचं. कॅनडाचा मुलगा जास्त शिकलेला. पण भाऊंनी टेबलावर नकाशा पसरला. आखातातल्या सहा शेजारी देशांचा संघ आहे, म्हणाले. आज रस्ता मोकळा आहे, उद्या रेल्वे येईल, परवा चलनसुद्धा एक होईल. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला लेकीकडे!

सुधाताईंनी पत्रिका न बघताच दम्मामला होकार दिला. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "छत्तीस गुण राहू देत. चार तासांचा रस्ता जुळला."

दीड वर्ष त्या खरंच जात-येत होत्या. इथे केलेली पुरणपोळी तिथे ताटात पडायची तेव्हा कोमट असायची, असं जावईच सांगायचे.

*

मग २०१७च्या जूनमध्ये, रमजान चालू असताना, इथल्या देशाशी शेजाऱ्यांचं बिनसलं आणि सौदीची सीमा बंद झाली. सौदीहून येणारं दूध दुपारपर्यंत दुकानांतून संपलं. मुक्ताला तेव्हा पाचवा महिना होता. बाळंतपणाला सुधाताई दोन महिने दम्मामला राहणार, हे ठरलेलं होतं.

मी देवापुढे संकल्प सोडला, सुधाताई लेकीच्या घरी पोचेपर्यंत दूध घेणार नाही. आमचे हे मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "बाजारात नाही तेच सोडलंस. देवाला फसवतेस की मला?"

पण थोड्याच दिवसांत तुर्कस्तानचं दूध आलं आणि व्रताला व्रतपण आलं. पुढे तर विमानातून गायी आल्या. त्यांचा फोटो बघून आम्ही सगळ्या दारात पोट धरून हसलो. सुधाताईही हसल्या. मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "गायीचं काम झालं गं. माझा व्हिसाचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला."

*

त्या दिवसांत भाऊ सुधाताईंना न्यायला यायचे, पण वर यायचे नाहीत, गाडीतच बसायचे. एकदा आमचे हे खाली गेले आणि सहज विचारून बसले, की हे सगळे देश भाऊ-भाऊच ना, किती दिवस अबोला धरतील?

भाऊंनी स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसली. म्हणाले, "भांडण भावांचं आहे हो. दाराबाहेर राहिले ते भाडेकरू."

*

ओमान त्या भांडणात पडला नव्हता. म्हणून मुक्ताचं डोहाळजेवण मस्कतला झालं, हॉटेलच्या खोलीत. मुक्ता तिकडून विमानाने आली, आम्ही चौघी इकडून. हिरवी साडी, हिरवा चुडा, मोगऱ्याची वाडी, सगळं सामानात. फक्त पाट नव्हता, तर सूटकेस आडवी करून तिच्यावर तिला बसवलं.

शेवटी दोन वाट्या झाकून पुढे ठेवल्या, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मुक्ताने एक वाटी उचलली. बर्फी! तिला शंका आली, तिने दुसरीही उचलली. तिच्याखालीही बर्फीच.

"आई, हे काय?"

सुधाताई तिच्या केसांतला गजरा सारखा करत म्हणाल्या, "निवडायला दिलं की माणूस चुकतं."

*

परत गेल्यावर आठवा लागला आणि मुक्ताच्या डॉक्टरांनी तिला विमान बंद केलं. म्हणजे नाशिकही बंद. सुधाताईंनी ठरवलं, आपण नाही तर निदान डिंकाचे लाडू तरी पोचू देत. इथून सरळ काही जाईना. आमच्यातली एक जण सुट्टीवर निघाली होती, तिच्या बॅगेतून डबा नाशिकला गेला आणि तिथून कुरियरने दम्मामला. चार तासांच्या रस्त्याला लाडवांना एकोणीस दिवस लागले.

ते पोचायच्या आधी बाळ गेलं. मुलगी होती. मुक्ताला पहिली आंघोळ शेजारच्या केरळी नर्सबाईंनी घातली.

डबा पोचल्याचा जावयांचा फोन आला तेव्हा आम्ही सुधाताईंकडेच होतो. मुक्ता खायला तयार नव्हती, कुणासाठी खाऊ म्हणत होती. सुधाताईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"खा. बाळंतीण आहेस तू."

तिकडून फोन कुणी ठेवला नाही. इकडूनही नाही.

*

२०२१च्या जानेवारीत सीमा उघडली. त्यानंतरही कोरोनाच्या टेस्टा आणि व्हिसा यांत वर्ष गेलं. मधे मायलेकी एकदा नाशिकला एका लग्नात भेटल्या होत्या, पण भरल्या मांडवात काय बोलणार? मुक्ताने त्या दिवसांबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

अखेर सुधाताई आणि भाऊ गाडीने निघाले. पुढचं मला भाऊंनी सांगितलं, आणि सांगताना दोनदा थांबले.

सुधाताईंनी गाडीत तिळाच्या तेलाच्या बाटल्या घेतल्या होत्या, बाळंतशोपा घेतल्या होत्या, धुरी द्यायला ओवा आणि कानाला बांधायचा नवा सुती रुमाल. भाऊंनी वाटेत दोनदा बजावलं, की अधिकारी विचारेल, तेव्हा फक्त 'फॅमिली व्हिजिट' म्हणायचं.

सीमेवर खिडकीत एक तरुण अधिकारी होता. त्याने पासपोर्ट उघडून प्रवासाचं कारण विचारलं. भाऊ तोंड उघडणार, तेवढ्यात सुधाताई पुढे वाकल्या.

"डिलिव्हरी. माय डॉटर."

त्याने कधी आहे म्हणून विचारलं.

सुधाताईंनी बोटांवर मोजलं. "फोर इयर्स."

भाऊ घाईने समजावायला लागले, तर त्याने हात वर करून त्यांना थांबवलं. मागच्या सीटवरच्या बाटल्यांकडे पाहिलं, सुधाताईंकडे पाहिलं. मग शिक्का मारला आणि पासपोर्ट भाऊंना न देता सुधाताईंच्या हातात दिला.

"यल्ला, मदर," हाताने 'चला' अशी खूण करत तो म्हणाला. "यू आर लेट."