खाडाखोड नसलेली वही

माझ्या धाकट्या जावेला कारखान्यात सगळे भिंग म्हणतात. शिवून आलेल्या शर्टातला सुटलेला एक टाकासुद्धा तिच्या नजरेतून निसटत नाही. शिवण वाकडी दिसली की कात्रीच्या टोकाने सरळ उसवते आणि शर्ट परत पाठवते. शिवणाऱ्या बायका तिच्या नावाने बोटं मोडतात. मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बटणं तपासते, म्हणून निम्म्या शिव्या माझ्याही वाट्याला येतात.

अशी ही खमकी बाई, पण शाळेतून चिठ्ठी आली आणि तिची पाचावर धारण बसली.

चिठ्ठी मी तिला मोरीत वाचून दाखवली, नळ सोडून, मुंगीला ऐकू जाऊ नये म्हणून. मुंगी म्हणजे तिची एकुलती एक लेक, चौथीतली. पोरीने तीन पेपर जवळजवळ कोरे दिले होते. पालकांनी मंगळवारी दुपारी येऊन भेटावं, नाहीतर तिला पाचवीत घालता येणार नाही.

"ताई, मला तिथे वाचायला लावतील का हो?" जावेने विचारलं.

कारण माझ्या जावेला वाचता येत नाही. दुसरीत शाळा सुटली ती कायमची. आकडे कळतात, सही येते, ती माझ्या दिराने लग्नानंतर गिरवून घेतली. दीर ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. आईला वाचता येत नाही, हे मुंगीला ठाऊक नव्हतं. ते कळलं तर पोर अभ्यास सोडेल, असं जावेने डोक्यात घेतलं होतं. मला शपथ घातली आणि मी मूर्खासारखी ती पाळली. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते!

रोज कामावरून आल्यावर ती मुंगीची वही घेऊन बसायची. तपासायची कशी, तर शर्टासारखी. ओळ वाकडी, अक्षर खोडलेलं, की पान टरकन फाडलं. "पुन्हा लिही." मग खाली झोकात सही. वही कशी, चारचौघींत मिरवावी अशी. मीही आत न वाचता कौतुक केलंच की.

मंगळवारी आम्ही अर्धी रजा घेतली. शाळेच्या जिन्यात ती दोनदा थांबली. "ताई, तुम्हीच जा ना." मी म्हटलं, आई तू आहेस, चल मुकाट्याने.

मुंगीच्या वर्गाच्या बाई तशा शांत होत्या. त्यांनी मुंगीला पेपरातलेच प्रश्न तोंडी विचारले. पोरीने धडाधड उत्तरं दिली.

"मग लिहिलं का नाहीस?"

"चुकलं असतं तर?"

"खोडायचं आणि पुन्हा लिहायचं."

"खोडलं की आई पान फाडते."

बाईंनी वही जावेपुढे सरकवली. "ताई, या पानावर सात चुका आहेत. अक्षर सुरेख, पण सात चुका. खाली तुमची सही आहे. तुम्हाला एकही दिसली नाही?"

जाऊ पानाकडे बघत राहिली. काहीतरी थाप मारावी, चष्मा घरी राहिला म्हणावं, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

"मला वाचता येत नाही, बाई," ती म्हणाली.

मुंगी आईकडे बघतच राहिली. "मग पानं का फाडायचीस?"

"भीती वाटायची गं. तुझं काहीतरी चुकतंय आणि मला दिसत नाहीये, याची. जे दिसायचं तेवढंच धरून बसायचे."

बाईंनी एक नवा कागद काढला, वीस गुणांचा पेपर दिला आणि म्हणाल्या, अर्धा तास आहे, यात सात मिळव, मी पाचवीत घालते. आम्ही मागच्या बाकावर बसलो. घड्याळात दहा मिनिटं गेली आणि मुंगीची पेन्सिल कागदाला टेकलीसुद्धा नाही. जाऊ माझ्या मनगटात नखं रुतवून बसली होती. गेलं वर्ष, मला वाटलं. ही पोरही एक दिवस आमच्याच टेबलावर येऊन बसणार.

मुंगीने मान वळवून आईकडे पाहिलं.

"लिही ना गं," जाऊ म्हणाली. आवाज पार फाटला होता. "चुकलं तरी मला कुठे कळणार आहे!"

मुंगी फिस्सकन हसली आणि लिहायला लागली.

वेळ झाल्यावर बाईंनी कागद तपासला. नुसत्या लाल रेघा. त्या बघून जाऊ पांढरीफटक पडली. "सगळंच गेलं का हो, ताई?" तिने मला विचारलं.

उत्तर मुंगीने दिलं. "नऊ मिळाले, आई." ती येऊन आईला खेटून बसली, कागद मांडीवर पसरला आणि पहिल्या चुकीवर बोट ठेवून तिला मोठ्याने वाचून दाखवू लागली.