कुडव्यातला श्वासाचा तास

व्यसनमुक्ती केंद्रात नोकरी धरली की किस्से शोधावे लागत नाहीत हो, अंगावर येऊन पडतात! घरी सांगायला गेले की नवरा म्हणतो, "जेवताना नको गं." मग साचत जातात. आज तुम्ही तावडीत सापडलात, ऐका.

आमचं केंद्र कुडव्यात. रोज सकाळी मी पेशंटना गोल बसवून ध्यान घेते. माइंडफुलनेस म्हणायचं त्याला, पण इकडे सगळे "श्वासाचा तास"च म्हणतात. बिरसीकडचा रेवाराम, धानाचा शेतकरी, पहिल्याच दिवशी वाकड्यात शिरला. डॉक्टरनं त्याला बजावलं होतं, "लिव्हर गेल्यातच जमा आहे. आता एक ग्लास जरी घेतला तर वाचणार नाहीस." तरी जीभ तिखटच!

मी म्हटलं, "आपल्या श्वासाकडे लक्ष द्या."

"मॅडम, माह्या श्वासाकडं सारं गावच लक्ष देते. वास येते ना!"

सगळे फिदीफिदी हसले. मीही हसले, काय करणार!

*

ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक प्रयोग शिकवला होता. तळहातावर एक किसमिस घ्यायची, वास घ्यायचा, मग हळूहळू चावायची. सगळ्यांनी डोळे मिटले आणि आमच्या स्वयंपाकीण कौशल्याबाईंनी एकेकाच्या हातावर दाणा ठेवला. मी म्हटलं, "आता वास घ्या." घेतला. एकही जण डोळे उघडेना! माझ्या हातावर पाहते तर काय, वाळलेलं मोहफूल! ज्याची दारू गाळतात तेच!

"किसमिस संपली होती जी," बाई म्हणाल्या, "हे बी तसंच दिसते."

"ठेवा खाली!" मी ओरडले.

"राहू द्या ना मॅडम," रेवाराम म्हणाला, "आजच तर ध्यान लागून राहिलं होतं!"

पण फूल त्यानंच सगळ्यांच्या आधी परत दिलं.

*

"तलफ लाटेसारखी येते आणि ओसरते," मी एकदा सांगत होते. पण समुद्र पाहिलाय कुणी इथं? इटियाडोह धरणाकडचा परसराम म्हणाला, "लाट आमाले नाई मालूम. आमची तलफ कॅनॉलसारखी. गेट बंद केल्याबिगर थांबत नाई."

"मग करा ना बंद!"

"मी म्हणतो चाबी बायकोजवळ हाय, बायको म्हणते मॅडमजवळ हाय!"

त्याच रविवारी तो भिंत चढून पळाला. चपला मात्र दाराशी नीट लावून गेला. मला फार राग आला. रडूही आलं.

*

रेवारामची मात्र सुटली, खरंच सुटली. घरी गेल्यावरही रोज अंगणात डोळे मिटून बसायचा. एक दिवस त्याच्या बायकोचा, शेवंताबाईचा फोन आला. मला वाटलं, आभार मानते की काय.

"मॅडम, काय शिकवून ठेवलं याले? पेत होता तवा शिव्या तरी द्यायचा. आता बोलतच नाई. तवा बी घरात नव्हता, आता बी नाई!"

मी म्हटलं, "धीर धरा."

*

रेवाराम गेला. एक थेंब घेतला नव्हता हो त्यानं! दारू सुटली, पण लिव्हरला ते फार उशिरा कळलं. त्या दिवशी मला तास घ्यावासाच वाटेना. कुठल्या तोंडानं सांगणार होते, श्वासाकडे लक्ष द्या म्हणून?

तेरवी झाल्यावर एका सकाळी शेवंताबाई केंद्रात आली. पुरुषांच्या गोलात बसली, पदर सावरला आणि डोळे मिटले. सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बाई, हा तास दारू सोडणाऱ्यांचा आहे."

"मालूम हाय जी," डोळे न उघडताच ती म्हणाली. "दिवस बुडाला का मी अजून बी दारात जाऊन उभी राहते. तो येऊन राहिला का, पाय सरळ पडते का नाई, पाहाले. तो पेणं सोडून गेला, माही सवय नाई सुटून राहिली. सोडवा ना, मॅडम."