घोंगडीच्या चिंधीची गाठ

सोनपेठला बाजाराच्या रस्त्यावर आश्रुबा गाड्यांची वायरिंग करतो. पत्र्याचं शेड, एक लिंब, एक बाज. बापाने जन्मभर मेंढरं राखली, हा वायरी राखतो. त्याच्याविषयी मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. एका सकाळचं पाहिलं तेवढं लिहितो.

माझा पुतण्या भागवत याच्या गाडीत एअरबॅगचा दिवा लागून राहिला होता. बारा वाजता पोखर्णीला त्याच्या बहिणीचा साखरपुडा. "दिवा विझल्याबिगर लेकराला घेऊन मी बसणार न्हाई," असं त्याच्या बायकोने, दैवशालाने बजावलेलं. म्हणून आम्ही दोघे सकाळीच आश्रुबाकडे गेलो.

त्याने गाडी बंद करून चावी लिंबाच्या खिळ्याला अडकवली. बॅटरीची काळी वायर सोडवली, तिचं टोक घोंगडीच्या चिंधीत गुंडाळून गाठ मारली आणि बाजेवर बसला.

"आता?" भागवतने विचारलं.

"धा मिनिटं बसायचं."

"आमी बसायला आलोत का? काम कवा करतूस?"

"हेच काम हाय, भागवतराव. वायर काढली तरी आत थोडा करंट उरतो. तवर हात घातला तर एअरबॅगची पिशवी तोंडावर फुटती. परभणीला माझ्या उस्तादाचं मनगट असंच गेलं. घाई गिऱ्हाइकाची, मनगट उस्तादाचं."

एवढं बोलून तो हापशावर हात धुवायला गेला.

भागवतचा फोन बंद पडला होता. तो येरझाऱ्या घालत होता. एकदम त्याने वायर जोडली, चावी घेतली, गाडीत चार्जर लावला. "निघालोच, वाटंतच हाव!" असं पाहुण्यांना सांगितलं. मग वायर काढून चिंधी बांधली, चावी खिळ्याला लावली.

"बोलू नका, तात्या. काढलीच हाय की परत."



आश्रुबा आला. घड्याळ पाहून त्याने दार उघडलं, चेहरा थेट स्टिअरिंगसमोर नेला.  तेवढ्यात तो माघारी फिरला. मेंढरांच्या वाड्याचं दार लावल्यावरही त्याचा बाप दोरी पुन्हा ओढून बघायचा, तसं त्याने चिंधीला हात लावला.

"ही गाठ माझी न्हाई."

"तुझं नाव लिहिलंय का गाठीवर?" भागवत हसला.

"माझी गाठ मेंढराच्या वाड्याची. ही तर बुटाच्या नाडीची हाय."

तेव्हा कुठे मी बोललो. "वायर जोडली होती, आश्रुबा. आत्ताच. फोनसाठी."

भागवतने असं पाहिलं की मी मान खाली घातली.

आश्रुबा रागावला नाही. गाठ सोडून त्याने आपली मारली. "पुन्ना धा," म्हणाला. या वेळी चावी खिळ्याला लावली नाही. माझ्या हातात देऊन मूठ मिटवली. "तुमी धरा, तात्या."

दहा मिनिटं भागवत लिंबाभोवती फिरत होता. चावी माझ्या घामाने ओली झाली.

मग आश्रुबाने सीटखाली डोकं घातलं. तिथे कोंबलेल्या पाण्याच्या कॅनने एअरबॅगच्या वायरीचा पिवळा प्लग ढिला झाला होता. त्याने तो खट्‌ करून बसवला.

"झालं! द्या चावी, तात्या," भागवतने हात पुढे केला.

मी दिली नाही. आश्रुबा बाहेर आला, त्याने बॅटरी जोडली, माझ्याकडे पाहून मान हलवली. मग मी मूठ उघडली.

आश्रुबाने गाडीला मशीन लावून बिघाडाची जुनी नोंद पुसली. दिवा विझला.