क्लॅरिनेटसाठी सोडलेली जागा

चिंचेने पितळ घासलं की आंबट वास सुटतो, आणि नाशिकच्या भद्रकालीतलं जुन्या वाद्यांचं ते अंधारं दुकान आठवतं. वडील घोटीच्या एका लग्नाच्या बँडमध्ये आयुष्यभर मोठा ट्युबा, म्हणजे खालचा जाड सूर धरणारं पितळी वाद्य, वाजवायचे. मग डीजे आले, बँड मोडला, आणि वडिलांना दमही लागायला लागला. "मोठा लय जड होतो आता. घरी एकट्याला वाजवायला लहानसा घेऊ," म्हणत ते मला नाशिकला घेऊन आले. दोन-तीन ट्युबा मांडीवर घेऊन त्यांनी सगळ्यात लहान, पोचे आलेला निवडला. दुकानदार म्हणाला, "एखादं गाणं वाजवून बघा ना." वडिलांनी डोळे मिटून वरातीतलं नेहमीचं गाणं धरलं, पण निघाला तो नुसता खालचा ठेका. मधेच ते थांबायचे, बँडमध्ये चाल वाजवणाऱ्या क्लॅरिनेटसाठी जागा सोडायचे, आणि पुन्हा फुंकायचे. दुकानदार गाण्याची वाट बघत राहिला. शेवटी वडिलांनी डोळे उघडले. "चाल मी कधी वाजवलीच नाय," ते हळूच म्हणाले, "हाच द्या." पुढे मरेपर्यंत रोज संध्याकाळी ते तेवढंच वाजवत, तसेच मधेमधे थांबत. आता तो ट्युबा मी नुसता घासून ठेवतो. कुठे ते गाणं लागलं की लोक चाल गुणगुणतात. त्या चालीच्या जागी वडील थांबायचे, मला तेवढं थांबणंच ऐकू येतं.