कोणीकाकांची किळस

दुधात केस निघावा तसं कोणीकाकांचं तोंड व्हायचं, कोणी 'फाइल हरवली' म्हटलं की. "कोणी हरवली?" ते विचारायचे. छप्पन्न साली नागपूरची राजधानी गेली आणि आम्हा कारकुनांना भोपाळला आणलं, तेव्हा ते माझे हेडक्लार्क होते. 'कोणीकाका' हे नाव त्यांना ऑफिसनंच दिलं.

मराठीत कर्ता सांगावाच लागतो असं नाही, याचा त्यांना अभिमान होता. 'गेलो' म्हटलं की मी, 'गेलास' म्हटलं की तू, 'गेला' म्हटलं की तो; क्रियापदच माणूस दाखवतं. इथल्या हिंदीतलं 'गया था' ऐकून ते नाक मुरडत. मी, तू की तो, काही पत्ता नाही. पण आपल्या 'केलं', 'दिलं'बद्दल त्यांना खरी शिसारी होती. "बुळबुळीत शब्द. करणारा हातातून निसटतो," म्हणायचे.

काकूंना क्षय झाला, इंजेक्शनं सुरू झाली. कानात शिट्टी वाजते असं त्या सांगत राहिल्या, पण दवाखान्यात कोणी मनावर घेतलं नाही. पुढे त्यांना ऐकूच येईना. काका मला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "डोज़ ज़्यादा लग गया."

"किसने लगाया?"

"लग जाता है, बड़े बाबू."

काकांनी नर्सला विचारलं, कंपाउंडरला विचारलं. सगळ्यांचं एकच, हो गया. 'मैंने' कोणाच्याच तोंडून निघालं नाही. फाटकाबाहेर येऊन काका गटाराशी वाकले आणि भडभडून ओकले. तोंड पुसत म्हणाले, "एकानं जरी 'मी दिलं' म्हटलं असतं ना, तर भांडलोसुद्धा नसतो."

काकू ओठ वाचायला शिकल्या. पण 'जातो' की 'जातोस' हे त्यांना ओठांवरून उमगेना. मग काका प्रत्येक वाक्याआधी बोट दाखवू लागले, स्वतःकडे नाहीतर त्यांच्याकडे. चारचौघांत असे हातवारे करायची काकांना लाज वाटायची, तरी करायचे.

निवृत्त होऊन ते नागपूरला निघाले, तेव्हा मी स्टेशनवर गेलो होतो. गाडी लागली. काकू गोंधळून उभ्या होत्या. काकांनी बोट आधी आपल्या छातीला लावलं, मग त्यांच्या खांद्याला, आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाले, "आपण घरी जातोय."