आठ नंबर, सातच्या खणात

अण्णा गॉल्फच्या कुठल्याही आयर्नवरचा, म्हणजे लोखंडी तोंडाच्या काठीवरचा, नंबर वाचत नसत. काठी डोळ्यांसमोर आडवी धरून ते तिचं चेंडूला लागणारं तोंड किती मागे कललंय ते बघत. “नंबर कंपनी घालते, राव. चेंडूला वाचता येत नाही,” असं म्हणत.

बंगळूरजवळ येलहंक्याच्या पलीकडल्या आमच्या मैदानावर ते तीस वर्षं कॅडी होते, खेळणाऱ्याची बॅग उचलायची आणि कुठली काठी घ्यायची ते सांगायचं. देवनहळ्ळीचे. आमच्यासारखंच जुनं मराठी घर, त्यामुळे बोलण्यात निम्मं कन्नड. तोंड जास्त कललेलं असलं की चेंडू उंच जातो आणि पडला तिथे बसतो. उभं असलं की खालून लांब पळतो, आणि नंबर जितका लहान तितकं तोंड उभं, हे मला त्यांनीच शिकवलं. मी घाईला आलो की “स्वल्प थांबा, राव,” म्हणत आणि चिमूटभर गवत उडवून वारा बघत. त्यांनी दिलेली काठी चुकत नाही, अशी ख्याती होती. मोठ्या सामन्याआधी लोक त्यांना महिनाभर आधी सांगून ठेवत.

सत्तरी ओलांडल्यावर माझा चेंडू तोकडा पडू लागला. जोडीदार वकीलसाहेब म्हणायचे, “राव, आता कॅरम बघा.” ते लागलं. व्हाइटफील्डच्या एका दुकानातून मी आठ नंबरचं तोंड गुपचूप उभं करून आणलं. आता आठ साताएवढं लांब जाणार होतं. अण्णांना सांगितलं नाही. त्यांच्यापुढेच तर मिरवायचं होतं.

अंतिम सामन्यात शेवटच्या ग्रीनसमोर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीसमोर, त्यांनी बॅगेतल्या आठच्या खणातून आठ काढून हातात दिलं; माझ्या काठ्या त्यांना पाठ होत्या, तोंड बघायची गरज वाटली नाही. “बसेल,” म्हणाले. त्याच वेळी सांगायला हवं होतं. वकीलसाहेब शेजारी उभे होते. मी काठी फिरवली. चेंडू खालून सुसाट निघाला आणि ग्रीन ओलांडून तळ्यात गेला.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, “अण्णांचा अंदाज चुकला.”

अण्णांनी काठी पुसली, डोळ्यांसमोर आडवी धरली. जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, “सरी, बरं राव. चुकला.”

त्यानंतर सामन्यांना त्यांना कोणी बोलावेना. माझी बॅग मात्र ते उचलत राहिले. त्या दिवसापासून आठ नंबर ते सातच्या खणात, साताला लागून ठेवू लागले. वर्षभरात त्यांनी काम सोडलं. गेल्या महिन्यात देवनहळ्ळीला लेकीच्या घरी वारले.

क्लबातल्या मंडळींनी हे वाचावं म्हणून लिहितो आहे. अण्णांचा अंदाज बरोबर होता. ती काठी खोटी होती, आणि ती मी केली होती. आठ नंबर अजून सातच्या खणात आहे. तो मी हलवलेला नाही.