जे. पी. नगरातली होडी

समुद्र नसलेल्या गावात होडी घेतली की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. गळक्या होडीत पाणी साचतं तसे ते आपोआप साचतात! नव्वदीच्या दशकात बेंगळुरूच्या आमच्या सरकारी प्रयोगशाळेत असा भरपूर साठा होता. त्याचा धनी मयेकर.

मयेकर मालवणचा. वडील जन्मभर तांडेल, म्हणजे मचव्याचे कप्तान. पोरगा इंजिनिअर होऊन इकडे निघाला तेव्हा म्हातारा एवढंच म्हणाला, "मयेकरांच्या घरात दर्याक पाठ दाखवणारो तू पयलोच." ते वाक्य मयेकरला बारा वर्षं टोचत होतं. शेवटी त्याने एक जुनी मोटरबोट घेतली, शहराबाहेरच्या तलावात ठेवली आणि वडिलांना पत्र टाकलं, 'संक्रांतीला या, माझ्या होडीतून फिरवतो.'

पत्र पोस्टात पडलं आणि त्याच आठवड्यात दोन दिवस पाऊस कोसळला. होडी काठोकाठ भरली आणि इंजिनासकट तळाला गेली!

*

रविवारी होडी वर काढली ती मयेकर, नाडकर्णी आणि मी, अशा तिघांनी. तिघेही इंजिनिअर, त्यामुळे इंजिनाला कुणी हात लावला नाही. आधी मीटिंग! बुधवारी 'फेल्युअर ॲनालिसिस' झालं, मिनिट्स मी लिहिले.

गुरुवारी यशवंतपूरचे शिंदे अण्णा आले. त्यांचं पंप दुरुस्तीचं दुकान. घराणं कित्येक पिढ्या इथलं, मराठीत कन्नड मिसळलेलं. त्यांनी स्पार्क प्लग काढून दोरी ओढली, तर आतून तपकिरी पाणी आलं.

"वर काढल्या काढल्या आत तेल घालायचं होतं की हो! चार दिवस काय करत होता?"

"मीटिंग," मी म्हणालो.

"सरी, बरं," अण्णा म्हणाले. "आता त्या मीटिंगचा गंज काढायला दोन महिने लागतात."

*

होडी जे. पी. नगरात, मयेकरच्या भाड्याच्या घरापुढे विटांवर चढली. तळाशी, मागच्या बाजूला, पाणी सोडायचं भोक असतं. त्याचं बूच काढून ती रिकामी केली. नाडकर्णीला लेबलांचं भयंकर वेड. बूच, स्क्रू, वॉशर, जे निघेल ते प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि वर नंबर. बूच पहिलं निघालं म्हणून पिशवी नंबर एक.

घरमालक सज्जन माणूस. रोज सकाळी पेपर घ्यायला खाली यायचे, होडीकडे बघायचे आणि गंभीरपणे विचारायचे, "समुद्र यावाग बरुत्ते, सार?" म्हणजे, समुद्र कधी येणार, साहेब?

दोन महिने, रोज!

*

इंजिनाची कॉइल भिजली होती. अण्णा म्हणाले, "स्वल्प ऊब द्या, मंद." नाडकर्णीने मंद ऊब शोधली ती मयेकरवहिनींच्या गोल ओव्हनमध्ये, त्यांना न विचारता. पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेतले आमचे चीफ फराळाला आले. एक नानकटाई तोंडात टाकली आणि दुसरी नाकाशी धरून हुंगली.

"वहिनी, यात काय घातलंय?"

"ते नाडकर्णींना विचारा," वहिनी म्हणाल्या. "मी फक्त तूप, साखर आणि मैदा घातला होता!"

*

इंजिन जोडून झालं आणि तीन स्क्रू उरले.

नाडकर्णी म्हणाला, "डिझाइनमध्ये मार्जिन असतं."

अण्णांनी इंजिन पुन्हा उघडलं.

*

मग चाचणी. असलं इंजिन पाण्यात पंखा बुडवूनच चालवावं लागतं. तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी. वहिनींनी भरलेला मोठा ड्रम आम्ही अंगणात ओढला, काठाला फळी बांधून इंजिन अडकवलं. मयेकरने दोरी ओढली. एकदा, दोनदा, बारा वेळा. तेराव्या खेपेला इंजिन असं पेटलं की ड्रममधलं दोन दिवसांचं पाणी घरमालकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, पेपरवर आणि खुद्द घरमालकांवर!

आम्ही गारठलो. आता घर सोडावं लागणार.

घरमालकांनी चष्मा पुसला. वरच्या मजल्याकडे बघून बायकोला आनंदाने हाक मारली, "समुद्र बंतु!"

समुद्र आला!

*

संक्रांतीला म्हातारा आला. सडपातळ, काळा, मोजकं बोलणारा. तलावावर होडीभोवती एक चक्कर मारली, वाकून आत बघितलं. मी पुढे बसलो, मयेकर इंजिनापाशी, म्हातारा त्याच्या पायांशी. नाडकर्णी काठावर, कॅमेरा घेऊन.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू! मयेकरने एक फेरी मारली, दुसरी मारली, मग तिसरी. म्हातारा ताठ बसलेला, जागचा हलायला तयार नाही. मला वाटलं, भरून आलं असेल.

"बाबा, कशी चालते?"

"बरी चलता. तू फुडे बघ."

मयेकरचा चेहरा असा उजळला की मलाच गहिवरून आलं. त्याने आणखी दोन फेऱ्या मारल्या.

काठाला लागलो. मयेकर उडी मारून पुढची दोरी ओढायला धावला. म्हातारा जागेवरच.

"बाबा, उतरा ना!"

"आदी होडी वर वडा."

"तुमच्यासकट?"

"वडा म्हणतंय ना!"

मयेकर पुढून ओढत होता, मी आणि नाडकर्णी मागून ढकलत होतो. होडी पुरती कोरड्यावर आली तेव्हा म्हाताऱ्याने उजवी टाच उचलली. टाचेवर वाटोळा लाल वळ. होडीतलं ओंजळभर पाणी टाचेखालच्या भोकातून खाली मातीत ओघळलं.

नाडकर्णीचा हात सावकाश शर्टाच्या खिशाकडे गेला. पिशवी नंबर एक.

म्हाताऱ्याने ओठांवर बोट ठेवलं, पिशवी काढून घेतली आणि बूच अंगठ्याने भोकात घट्ट बसवलं.

"बाबा," पुढून मयेकर ओरडला, "अजून एक फेरी मारायची?"

"चल," म्हातारा म्हणाला. "आता जरा पाय पसरून बसतंय."